तिघांचं एकमत

एखाद्या गोष्टीच्या पोटात काय आहे हे तिला न कापता, न चिरता, न सोलता, न फोडता कळलं पाहिजे, असा हट्ट उभा जन्म धरून बसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि आमच्या सबंध कॉलनीत सगळ्यात जास्त फळं कापली तीही त्याच माणसानं. हे आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नात्यानं ते फक्त माझे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे आतोबा. पण इंदुरात नाती भिंतीपलीकडे पसरायला वेळ लागत नाही. दूधवाला त्यांना आतोबा म्हणे, पोस्टमन म्हणे, आणि समोर राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे असूनही ‘आतोबाजी’ म्हणत. त्या शब्दाचा अर्थ गार्डसाहेबांना कुणी कधी सांगितला नसावा. त्यांना ती एखादी पदवी वाटत होती, आणि आतोबांकडे बघून तसं वाटणं काही चूक नव्हतं.

आतोबांच्या घरी मटार सोलायला बसणं ही परीक्षाच असे. ते प्रत्येक शेंग खिडकीतल्या उन्हासमोर धरत, आत किती दाणे आहेत ते जाहीर करत आणि मगच ती आत्याच्या हाती देत. अर्धा किलो मटार दुपारपर्यंत पुरत. “मी तर म्हणते, एखाद् दिवस तरी सीधा सोलून होऊ द्या ना,” आत्या म्हणायची, “आत दाणेच निघणार आहेत, मोती थोडेच निघणार आहेत.” शितावरून भाताची परीक्षा ही म्हण त्यांना मुळीच मान्य नव्हती. “आणि त्या शिताचं काय? ते तर चेपून मेलं ना? ही परीक्षा नाही, हा बळी आहे,” असं ते अत्यंत गंभीरपणे म्हणत. म्हणून त्यांच्या घरी भात झाला की नाही हे झाकणाला कान लावून ठरवलं जाई, आणि आठवड्यातून दोनदा तरी तो खाली लागलेला असे. करपलेला भात आत्या न बोलता स्वतःच्या ताटात घेई आणि वरचा त्यांना वाढी. आलेलं पत्रसुद्धा ते आधी बल्बसमोर धरून, आडवंउभं फिरवून, जेवढं वाचता येईल तेवढं वाचत. पाकीट फाडणं हा त्यांच्या मते शेवटचा उपाय होता.

हा सगळा नाद मिलमधून आलेला. आतोबा एका कापडमिलच्या रंगखात्यात होते. गिऱ्हाइकानं चिंधीएवढा तुकडा पाठवायचा आणि ह्यांनी कापडाची थानंच्या थानं, म्हणजे अख्खे तागे, हुबेहूब त्या रंगाची काढून द्यायची, असं ते काम. रंग जुळला की नाही हे ठरवायची त्या मिलची एक रीत होती. उत्तरेकडच्या खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, तीन माणसं एकामागून एक येऊन कापड बघत. एकमेकांशी बोलायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तिघांची चिठ्ठीवर सही झाली तर माल पास. एकाची जरी अडली तरी पुन्हा रंगाच्या हौदात. आणि ज्यानं तो रंग बनवला त्यानं ह्या तिघांत बसायचं नाही. ‘रंगवणाऱ्यानं पास करायचं नाही’ हा आतोबांचा धर्म होता. देवापुढे हात जोडताना ते कधी कधी घाई करत, पण हा नियम त्यांनी घरीही मोडला नाही. स्वतः केलेला चहा चांगला झालाय की नाही हे ते आत्याला विचारून मगच पीत.

माझ्या बहिणीला बघायला उज्जैनहून स्थळ आलं तेव्हा वडिलांनी मोठ्या मानानं आतोबांचं मत विचारलं. आतोबा म्हणाले, “दिव्याच्या उजेडात माणूस कळत नाही. उद्या सकाळी उत्तरेच्या खिडकीत बसवा.” पाहुणे मुक्कामालाच होते. दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्याची खुर्ची खरोखर उत्तरेच्या खिडकीपाशी नेण्यात आली, आणि आतोबा, गार्डसाहेब आणि आमचे वडील असे तिघं एकामागून एक, न बोलता, त्याला बघून आले. तो घामाघूम झाला होता. “रंग पक्का आहे,” आतोबा म्हणाले, “धुतल्यावर उतरणार नाही.” माझे मेहुणे आजही त्या खुर्चीची गोष्ट सांगतात, आणि आजही त्यांचा रंग उतरलेला नाही.

मग एकामागून एक मिल बंद पडायला लागली. आमच्या कॉलनीत घड्याळं लावत ती मिलच्या भोंग्यावर. भोंगे गेल्यावर ती आपापल्या मतानं चालू लागली. वर्तमानपत्रं नव्या धोरणाच्या आणि परदेशी व्यापाराच्या बातम्यांनी भरलेली असत, सांवेर रोडवर नवे कारखाने उभे राहत होते, आणि इकडे मिलच्या गेटपाशी चाळीस-पन्नास वर्षांची माणसं डबा हातात घेऊन उभी असत. आतोबांच्या मिलचं पाकीट आलं त्या दिवशी त्यांनी ते नेहमीसारखं बल्बसमोर धरलं. एकदाच धरलं, फिरवलं नाही. मग तसंच देवघराच्या फळीवर ठेवून दिलं. आत्यानं विचारलं, काय आहे. “कळलं मला,” म्हणाले, “फाडायची जरूर नाही.”

आत्या टेलिफोन खात्यात होती, त्यामुळे चूल पेटण्याची चिंता नव्हती. प्रश्न होता तो सकाळी आठ वाजता काय करायचं हा. तीस वर्षं ज्यांच्या डोळ्यावाचून सबंध मिलचं अडत होतं, त्यांच्यावाचून आता कुणाचंच अडत नव्हतं, आणि हे दुःख पगाराच्या दुःखाहून फार निराळं असतं. आठ वाजले की ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होत आणि उत्तरेच्या खिडकीपाशी जाऊन बसत. आम्ही तिकडे बघायचं टाळत असू.

ह्या खिडकीतून त्यांना उठवलं ते जपानी पीचनं. वाचनालयात एका जुन्या इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं, की जपानात पीच नावाचं फळ न कापता, नुसत्या उजेडाखालून सरकवून, गोडीप्रमाणे वेगळं करतात. ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मी इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा उजळलेला पाहिला. “अगं, डोळ्याला तांबडा रंग दिसतो तिथे आपली हद्द संपते, उजेडाची नाही,” ते मला समजावत होते. “त्याच्या पलीकडचा उजेड सालीतून आत शिरतो, थोडा फिरतो आणि परत येतो. आतली साखर त्यातला थोडा ठेवून घेते, पाणी थोडा ठेवून घेतं. परत काय आलं ते बघून आतलं सांगायचं. पाहुणा कुणाच्या घरी जाऊन आला की त्याच्या चेहऱ्यावरून कळतं ना, चहा मिळाला की नुसतं पाणी? बस, तेच.” मी शाळेत विज्ञान शिकवते, पण ह्याहून चांगलं मला आजही सांगता येत नाही.

यंत्र तयार व्हायला चार महिने लागले. प्लायवूडची पेटी, आतून काळी. स्लाइड प्रोजेक्टरचा हॅलोजन दिवा. मिलची प्रयोगशाळा रिकामी होताना मागून आणलेला, उजेडाची वीज करणारा जुना सेल, आणि त्याला जोडलेली काट्याची डबी. एका सरकारी संशोधन केंद्रातल्या ओळखीच्या माणसानं दिलेल्या काळ्या काचेच्या तीन चकत्या, ज्यांतून तांबड्यापलीकडचा उजेड तेवढा जाई. ह्या चकत्या आतोबा येईल त्याच्या डोळ्यापुढे धरत. “काय दिसतं?” “काहीच नाही.” “हां, बस, तेच,” असं म्हणून समाधानानं खिशात ठेवत. पेटीच्या तोंडाला बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून काळी मखमल लावली होती, ती आत्याच्या लग्नातल्या ब्लाउजची होती. आत्या ते कळल्यावर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच ती नीट शिवून दिली.

फळ ठरलं जाम. आमच्या इंदुरात पेरूला जाम म्हणतात. साल पातळ, थंडीभर मिळणारं, आणि दिसायला एकसारखं असून आत एक साखरेचा तर दुसरा कापसाचा निघणारं हे फळ आतोबांना आव्हान वाटलं. सांवेर रोडवर फळं निवडून, खोक्यांत भरून परदेशी पाठवणारी एक नवी कंपनी आली होती. आतोबा तिथे जाऊन आले. तिथला मॅनेजर पुण्याहून आलेला तरुण होता, बोलायला नम्र. “संक्रांतीनंतर यंत्र दाखवायला आणा,” तो म्हणाला, “आणि ते चाललं, तर चालवायलाही तुम्हीच या.” घरी येऊन आतोबांनी हे वाक्य आम्हाला तीनदा सांगितलं.

पण यंत्राला गोडी शिकवायची कशी? काटा नुसता अंक सांगतो. कुठला अंक गोड आणि कुठला फिका, हे त्याला माणसानंच सांगावं लागतं. म्हणजे आधी काट्याचा अंक लिहायचा, मग तोच जाम कापायचा आणि खाऊन मार्क द्यायचे, असं शेकडो जामांचं करायचं, तेव्हा कुठे पुढचा एक जाम न कापता कळणार. ज्या माणसाला शीत चेपवत नव्हतं तो रोज सकाळी वीस-वीस जाम कापू लागला. साखर मोजायची एक छोटी नळी बाजारात मिळते, ती आणावी असं मी सुचवलं. “नळी साखर सांगते, गोडी नाही,” ते म्हणाले. “गोडी माणसाच्या जिभेवर असते. तीन माणसं पाहिजेत.” आणि मिलच्या रिवाजाप्रमाणे तीन माणसं नेमली गेली: आत्या, गार्डसाहेब आणि मी. आतोबा स्वतः एक फोडही खात नसत. रंगवणाऱ्यानं पास करायचं नाही.

सकाळी आठ ते नऊ आम्ही तिघं एकमेकांकडे पाठ करून तीन पाटांवर बसत असू. कोमट पाण्यानं चूळ भरायची, फोड खायची, दहापैकी मार्क चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी घडी करून डब्यात टाकायची. मीठ नाही, तिखट नाही, आणि जीरावन, म्हणजे पोह्यांपासून फळांपर्यंत सगळ्यावर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला, तो तर नाहीच. इंदुरी माणसाला जीरावनाशिवाय जाम खायला लावणं म्हणजे काय, हे इंदूरबाहेरच्यांना कळायचं नाही. आठवड्याच्या आत गार्डसाहेबांच्या कोटाच्या खिशात पुडी सापडली. “आतोबाजी, थोड़ा सा तो चलता है ना,” ते अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. आतोबांनी त्या दिवसाच्या त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या रद्द केल्या. थंडीत इतके जाम खाऊन तिघांनाही खोकला धरला, आणि कॉलनीतल्या बायका आत्याला काढ्याच्या कृती सांगू लागल्या.

जाम आणायला आतोबा रोज खजराना मंदिराच्या रस्त्यावरच्या एका ठेलेवाल्याकडे सायकलनं जात. त्याच्याशी त्यांचं वर्षानुवर्षं भांडण. हे एकेक जाम उचलून उन्हात धरत, कानापाशी नेऊन टिचकी मारत. “भिया, लेना हो तो लो,” तो म्हणे, “जाम है, छोरी देखने नी आए हो.” आतोबा शांतपणे पुढचा जाम उचलत. त्या भांडणातही त्यांची सकाळ बरी जात होती, असं मला वाटतं.

पहिले आठ दिवस सगळं नियमानं झालं. आम्ही फिक्याला फिका म्हणत होतो, दोन-तीन मार्क निर्दयपणे देत होतो, आणि आतोबा आलेखाच्या कागदावर टिंबं काढत होते. ती टिंबं एका तिरक्या रेघेवर हळूहळू ओळीनं बसत चालली होती. नवव्या दिवशी कळलं, की मिलची यंत्रं भंगारात जायला लागलीत. आतोबा तिथे गेले आणि दुपारी परत आले. आत्यानं पाणी दिलं. “गॅसनं कापतायत,” एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “अर्धा घंटा लागतो एका मागाला.” त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर बसले. पहिलाच जाम फिका होता, अगदी भिजवलेल्या कागदासारखा. माझ्या मागे आतोबा सुरी हातात धरून उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तो जाम त्यांनी पंधरा मिनिटं निवडून आणलेला असणार. मी चिठ्ठीवर दोन लिहिणार होते. मी सात लिहिले. मनाशी म्हटलं, उरलेले दोघं खरं लिहितीलच, माझ्या एकटीच्या मार्कांनी काय बिघडणार आहे. शाळेत काठावरच्या पोरींना आपण ढकलतोच की. आणि एकदा सात दिल्यावर पुढच्याला तीन देणं जड जातं, हे परीक्षक असलेल्या कुणालाही माहीत आहे.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या उघडताना आतोबांचा चेहरा खुलत गेला. “सात, आठ, आठ. परत आठ, सात, आठ. तिघांचं असं एकमत मी मिलमध्ये तीस वर्षांत पाहिलं नाही,” ते म्हणत. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण मीच खोटी असल्यामुळे बोलणार काय. काटा मात्र पूर्वीसारखाच नाचत होता. एका जामाला इकडे, दुसऱ्याला तिकडे. टिंबं रेघ सोडून पळायला लागली. आतोबांनी विचार केला, तीन माणसं एका सुरात आठ म्हणतायत आणि हा काटा वेगवेगळं सांगतोय, तर चूक कुणाची? “यंत्र चुकेल, तिघं चुकणार नाहीत,” असं म्हणून ते काट्याच्या मागे लागले. चकत्या बदलल्या, दिवा सरकवला, सेलसमोर आणखी एक घासलेली काच बसवली. महिनाभर खपून त्यांनी त्या काट्याचं नाचणं बंद केलं. संक्रांतीच्या सुमाराला त्यांचं यंत्र समोर येईल त्या जामाला साडेसात आणि आठाच्या मध्ये कुठेतरी बसवत होतं, आणि त्यांनी आम्हा तिघांना तिळगूळ देताना सांगितलं की काम फत्ते झालं.

सांवेर रोडला आम्ही टेम्पोनं गेलो. पेटी गार्डसाहेबांच्या मांडीवर, वह्या माझ्याकडे, आतोबा पुढे इस्त्रीच्या शर्टात. मॅनेजरनं बारा जामांची टोपली तयार ठेवली होती, आणि त्यात त्यानं मुद्दाम चांगले-वाईट मिसळले होते. तसंच करायला हवं होतं. आतोबांनी एकेक जाम मखमलीवर ठेवला आणि स्वच्छ आवाजात अंक सांगितले. आठ. साडेसात. आठ. आठ. बाराही जाम पास झाले. मग मॅनेजरनं ते कापले, खिशातून तीच ती नळी काढली, एकेकाच्या रसाचा थेंब तिच्या काचेवर टाकून डोळा लावला आणि कागदावर आपले अंक लिहिले. ते अंक एकमेकांपासून कोसभर लांब होते. त्यानं तो कागद आतोबांसमोर सरकवला.

आतोबांनी कागद वाचला. मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. यंत्रानं आठ दिलेल्या एका जामाची फोड उचलली आणि तोंडात टाकली. सावकाश चावली. दुसऱ्या जामाची घेतली, तीही चावली. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी मान वळवून आधी माझ्याकडे पाहिलं, मग गार्डसाहेबांकडे. गार्डसाहेब छताकडे बघत होते. आतोबा मॅनेजरला म्हणाले, “दिवा उतरलाय बहुतेक. माझी चूक. येण्याआधी मी तपासायला हवा होता.” मॅनेजर म्हणाला, “होतं असं, सर.” तो ‘सर’ म्हणाला म्हणून मला आणखी वाईट वाटलं.

परतीच्या टेम्पोत गार्डसाहेबांनी पेटी पुन्हा मांडीवर घेतली. अर्ध्या रस्त्यात मला राहवेना. “आतोबा, मी मार्क वाढवून देत होते,” मी म्हटलं. “मला वाटलं, बाकीचे दोघं खरं लिहितायत.” गार्डसाहेबांनी पेटीवरचे हात काढून तोंडावर घेतले. “आतोबाजी, मैं भी,” ते म्हणाले. “मैंने सोचा बिटिया तो मास्टरनी है, वो तो सही लिखेगी।” घरी पोचलो तर आत्या दारातच उभी. आमचे चेहरे बघून तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. “मीसुद्धा,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तिघांनी वेगवेगळं, एकमेकांना न विचारता, पाठीला पाठ लावून एकच खोटं लिहिलं होतं. नियम तेवढा आम्ही कडक पाळला होता.

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी चिडावं असं मला फार वाटत होतं. पण त्यांनी पहिल्या आठ दिवसांची वही काढली आणि ती तिरकी रेघ पुन्हा बोटानं तपासली. “म्हणजे यंत्र बरोबर होतं,” म्हणाले. त्या आवाजात आनंद होता, खरा आनंद. मग त्यांनी वही मिटली. “शेवटची दोन वर्षं मिलमध्ये माझं एकसुद्धा थान परत आलं नव्हतं,” ते म्हणाले. “सगळं पास. तिघांच्या सह्या. खातं बंद होणार हे त्या तिघांना माहीत होतं, मला नव्हतं. मला वाटायचं, हात सुधारला.” आत्या आतून ऐकत होती, पण बाहेर आली नाही. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रडू नको गं. तू तर आपली आहेस.” त्या क्षणी मला त्याहून कठोर शब्द दुसरा लागला नसता.

पुढच्या थंडीत त्यांनी काम नव्यानं सुरू करायचं ठरवलं. अट एकच: चव घेणारी तीन माणसं अशी हवीत, ज्यांना आतोबांबद्दल काही वाटत नाही. हा शोध दोन आठवडे चालला. दूधवाल्याला विचारलं, त्यानं सगळ्याच जामांना दहापैकी दहा दिले. पोस्टमन तर चव घेण्याआधीच ‘बढ़िया’ म्हणाला. शेवटी ते खजरान्याच्या त्या भांडकुदळ ठेलेवाल्याकडे गेले. हा तरी सोडणार नाही, अशी त्यांची खात्री होती. त्यानं फोड खाल्ली, आतोबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मीठा है बाबूजी, एकदम मीठा।” तो त्यांना पहिल्यांदाच बाबूजी म्हणाला होता. आतोबांची मिल बंद पडल्याची गोष्ट तोवर त्याच्याही कानावर गेली होती. एवढ्या मोठ्या इंदुरात आतोबांना तशी तीन माणसं मिळाली नाहीत.

अखेर त्यांनी ती नळी आणली. नळीला कुणाची दया येत नाही. घासलेली काच काढून टाकल्यावर काटा पुन्हा नाचायला लागला, आणि फाल्गुनापर्यंत यंत्र फिक्याला फिका आणि गोडाला गोड म्हणू लागलं, दहातल्या नऊ वेळा अगदी बिनचूक. ते सांवेर रोडला जाऊन आले. तोवर कंपनीनं परदेशी यंत्र मागवलं होतं आणि पुण्याचा तो मॅनेजर परत गेला होता. आतोबांनी परदेशी यंत्र लांबून पाहिलं, चांगलं आहे म्हणाले. नंतर कितीतरी वर्षं ते एका रंगाच्या दुकानात बसत. भिंतीच्या रंगाचा पोपडा घेऊन येणाऱ्याला तोच रंग मिसळून देत. गिऱ्हाइकाला ते सांगत, “नाही जुळला तर तोंडावर सांगा.” लोक सांगत नसत. आतोबा गेले त्या वर्षी दुकानदारानं दुकान एक दिवस बंद ठेवलं होतं.

मागच्या थंडीत लालबागच्या मैदानावर शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. एका मांडवात एक तरुण मुलगी हातात मावेल एवढं यंत्र घेऊन उभी होती. जामावर टेकवायचं, कळ दाबायची, आकडा समोर. तिनं माझ्यासमोर एका जामावर ते टेकवलं, आकडा वाचला, पण मला सांगितला नाही. जाम कापून एक फोड पुढे केली आणि म्हणाली, “आंटीजी, आप चखकर बताइए।” मी फोड तोंडात टाकली. तिचे डोळे माझ्याकडे लागले होते. तिच्या चेहऱ्यावर नव्या नोकरीतल्या माणसाची ती काळजी होती. ‘मीठा है’ हे शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले होते. मग मी म्हटलं, “बेटा, फीका है।” तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू. तिनं वळून शेजारच्या सहकाऱ्याला यंत्रावरचा आकडा दाखवला. “देखा, मशीन भी यही बोल रही है,” ती म्हणाली, आणि पुन्हा माझ्याकडे वळून तिनं माझे आभार मानले.

एवढंच तर मी तेव्हा आतोबांना सांगायला हवं होतं. मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर जाऊन बसले, आणि हातातली फोड संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.